नऊ हिरव्या टिकल्या

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं सर स्वतःशी कितीदा तरी म्हणत. पण राहून जाते ती बसमध्ये छत्री. बावीस वर्षं एखादी गोष्ट राहून जात नाही. ती ठेवलेली असते.

कुठे ठेवली होती तेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. कपाटातल्या सगळ्यात जाड शब्दकोशात, अगदी शेवटच्या पानांत, जिथे सहसा कोणी फिरकत नाही. दोन कागद, निळी शाई, आणि ओळी अशा सरळ की जणू पट्टी ठेवून लिहिल्या असाव्यात. लिहिणाऱ्या होत्या त्यांच्या शाळेतल्या चौथीच्या बाई. बदली होऊन दुसऱ्या गावी गेल्यावर तिथून त्यांनी ते पाठवलं होतं. सरांनी उत्तराला सुरुवात केली नव्हती असं नाही. ‘आपलं पत्र मिळालं’ इतकं त्यांनी निदान दहा वेळा लिहिलं होतं. पुढे काय लिहायचं ते माहीत होतं, म्हणूनच पेन थांबत असे.

सर मुख्याध्यापक झाले ते केवळ सेवाज्येष्ठतेनं. त्यांना स्वतःला विचारलं असतं तर त्यांनी वाचनालयाची किल्ली मागून घेतली असती आणि खूश राहिले असते. कोणी मोठ्या आवाजात बोललं की त्यांची मान कॉलरमध्ये शिरायची. मुलांनी त्यांचं नाव कासव ठेवलं होतं, आणि ते त्यांना माहीत होतं. शिक्षकांचाही अलिखित नियम होता: सरांना तोंडी काही सांगू नका, ते ‘बघू’ म्हणतात, चिठ्ठी लिहून द्या, ती ते तीनदा वाचतात.

अशा माणसाच्या हाती आलेली शाळा तालुक्याच्या गुणवत्ता यादीत तिसावी होती. यादीत शाळा एकतीस. एकतिसाव्या शाळेचं छप्पर उडालं होतं, म्हणून तिथे परीक्षाच झाली नव्हती.

“सर,” तपासणी अधिकारी भर सभेत म्हणाले होते, “तुमची चौथीची मुलं अक्षरांकडे अशी बघतात, जसं आपण मुंग्यांकडे बघतो. बऱ्याच आहेत, एवढंच कळतं.”

सगळे हसले. सरही हसले, कारण वाक्य चांगलं होतं. घरी आल्यावर मात्र त्यांना जेवण गेलं नाही.

मग त्यांनी काम सुरू केलं, आणि ते काम खरं होतं, हे पुढच्या सगळ्या गोष्टींत विसरता कामा नये. ते स्वतः मात्र विसरत. त्यांनी गणितासाठी बाटल्यांची झाकणं जमवली. हॉटेलांच्या मागच्या दारांशी पिशवी घेऊन उभे राहायचे, लाजत. दहा झाकणं झाली की दोऱ्यात ओवून त्यांची माळ करायची. हातचा म्हणजे काय, हे ज्या मुलांना तीन वर्षांत कळलं नव्हतं, त्यांनी दहा सुटी झाकणं देऊन एक माळ घेतली आणि त्यांना ते एका सकाळीत कळलं. वजाबाकीत माळ तोडायची आणि झाकणं मोकळी करायची. मुलांना तोडायला फारच आवडे. सर रोज फळ्यावर नवी गणितं घालत. पाठ करायला वावच नव्हता, त्यामुळे गणितात जे आलं ते आलं.

वाचनासाठी त्यांनी शिडी केली. कार्यालयाच्या भिंतीवर एक लांब फळी, तिच्यावर पाच पायऱ्या: अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद, गोष्ट. प्रत्येक मुलाच्या नावाची पट्टी, आणि दर महिन्याला तपासणी झाली की पट्टी वर चढायची. गोष्टीपर्यंत पोचलेल्याच्या नावापुढे हिरवी टिकली, फळीवर आणि प्रगतिपुस्तकातही. तपासणीसाठी चार कार्डं होती. त्या कार्डांवरच्या चार गोष्टी सरांनी स्वतः लिहिल्या होत्या.

इथेच सगळं आलं. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं वाचलेल्या त्या माणसानं पहिल्यांदा स्वतःचं काही लिहिलं होतं. आठ-आठ ओळींच्या गोष्टी, पण एकेका शब्दासाठी त्यांनी संध्याकाळ घालवली होती. त्यांची आवडती होती मांजरीची. ‘शिंप्याच्या दुकानात एक मांजर होती. तिला दोऱ्याचं रीळ फार आवडे. एके दिवशी रीळ घरंगळत रस्त्यावर गेलं. मांजर रिळामागे गेली. दोरा लांब लांब होत गेला…’ आणि शेवटी, ‘शिंपी अजून दोरा गुंडाळतो आहे.’

तपासणी कार्यालयात चाले आणि मुलं बाहेर व्हरांड्यात रांगेत बसत. दार उघडं. आतल्या मुलाचं वाचन बाहेर ऐकू येई, एकदा, दोनदा, तीस वेळा. दुसऱ्या महिन्यात तीच कार्डं. तिसऱ्या महिन्यात तीच. मुलं जिना उतरताना, नळावर हात धुताना म्हणू लागली, ‘शिंपी अजून दोरा गुंडाळतो आहे!’ सरांनी ते ऐकलं, तेव्हाच काय होतं आहे ते त्यांना कळायला हवं होतं. त्यांना मात्र वाटलं, मुलांना आपली गोष्ट आवडली. त्या दिवशी ते घरी शीळ घालत गेले होते. बायकोनं विचारलं, “आज काय, पगार वाढला?”

कार्डं बदलण्याचं त्यांच्या मनात कधी आलंच नाही.

दोन वर्षांत शाळा तिसावीवरून चौथी आली. इतर मुख्याध्यापक शिडी बघायला येऊ लागले. सरांना भाषण करावं लागलं, ते त्यांनी कागदावरून वाचून दाखवलं, पण टाळ्या झाल्या. पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा त्यांच्यासाठी टाळ्या झाल्या.

चौथीच्या बाई बदलीच्या दिवशी त्यांना भेटायला आल्या होत्या. “सर, वाचनाची एक अडचण आहे. काही मुलं…” दाराशी टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. सर म्हणाले, “बघू.” म्हणून मग पत्र.

पत्रात तक्रार नव्हती. बाईंनी लिहिलं होतं की शेवटच्या आठवड्यात गंमत म्हणून त्यांनी भिंगरीच्या हातात कार्ड उलटं दिलं. भिंगरी म्हणजे वर्गातली एक मुलगी, जागेवर बसेल तर शपथ. तिनं उलटं कार्ड घडाघडा वाचलं. मग बाईंनी एकेकाला तपासलं. अशी नऊ मुलं निघाली. ‘आपण सगळ्यांनीच ऐकायला शिकवलं, सर, माझ्यासकट. आता ही मुलं पाचवीला दुसऱ्या शाळेत जातील. त्यांच्या प्रगतिपुस्तकात हिरवी टिकली असेल तर तिथे त्यांना कोणी अक्षरांपासून शिकवणार नाही. माझी एवढीच विनंती आहे की पुस्तकं जाण्याआधी नऊ टिकल्या बदला. मला उत्तर आलं तर मी निश्चिंत होईन.’ खाली नऊ मुलांची नावं होती.

पत्र आलं तेव्हा निकालाला आठ दिवस होते. सरांनी कागदावर हिशोब केला. नऊ टिकल्या उतरल्या तर शाळा चौथीवरून अकरावी. अकरावी म्हणजेही काही वाईट नव्हे, तिसावीच्या मानानं. पण वरून शाळेच्या सत्काराच्या कार्यक्रमाचं पत्र आलेलं होतं.

त्यांनी भिंगरीला कार्यालयात बोलावलं. कपाटातून भलतंच एक पुस्तक काढून तिच्यापुढे उघडलं, त्यात एका नदीचं वर्णन होतं. मुलगी पानाकडे बघत राहिली. एक पाय दुसऱ्या पायावर घासत होती. मग तिनं पानावर बोट ठेवलं, बोट सरकवत, ओळीनं, खणखणीत आवाजात सुरुवात केली: “शिंप्याच्या दुकानात एक मांजर होती…”

तिनं शेवटपर्यंत म्हटलं. सरांनी पुस्तक मिटलं.

“शाबास,” ते म्हणाले.

आणि दुपारी नऊच्या नऊ प्रगतिपुस्तकांवर सही केली.

*

“बाबा, आज नाही म्हणायचं नाही,” बावीस वर्षांनंतर एका सकाळी सरांची मुलगी म्हणाली. “काल तुम्ही चहात साखरेऐवजी मीठ घातलंत आणि तसाच प्यायलात.”

“वाया कशाला घालवायचा?”

“चला.”

नेत्रालयात भिंतीला लागून खुर्च्या होत्या. आत खोलीत तंत्रज्ञ मुलगी तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावत होती, आणि दार उघडं होतं. सरांच्या आधी सहाजण होते. सरांचा नंबर आला तेव्हा त्यांनी एक डोळा झाकला आणि वरपासून खालपर्यंत, एकही चूक न करता, सगळ्या ओळी म्हटल्या. म्हणताना त्यांना समोर फक्त एक पांढरट चौकोन दिसत होता, आणि त्याच्या मधोमध एक राखाडी डाग, बोट बुडवून पुसल्यासारखा.

तंत्रज्ञ मुलीनं तक्त्याकडे वळून बघितलं.

“आजोबा,” मग ती हळूच म्हणाली, “तुमच्या आधीच तक्ता बदलला मी.”

सरांची मुलगी हसायला लागली आणि मध्येच थांबली. सरांनी डोळ्यावरचा हात काढला नाही. असं का केलं, ते त्यांना सांगता आलं नसतं. कोणी फसवायचं ठरवून करत नाही. आपल्याला येत नाही हे चारचौघांत दिसू नये, एवढंच असतं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की नजरेचा मधला भाग चालला आहे. कडा राहतील, चालता-फिरता येईल.

“वाचता?” सरांनी विचारलं.

“सहा महिने. फार तर वर्ष. भिंग वापरा, मोठी अक्षरं वापरा.” डॉक्टर चांगला होता, त्यानं पाठीवर हात ठेवला. “पुस्तकं ऐकता येतात हल्ली, सर. सगळी सोय आहे.”

ऐकता येतात. सरांनी मान डोलावली.

डोळ्यांत थेंब घालून त्यांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. मुलगी औषधं आणायला गेली. उजेड डोळ्यांत घुसत होता, म्हणून सर खाली फरशीकडे बघत होते. ओलं फडकं गुंडाळलेली काठी फरशीवरून सरकत आली आणि त्यांच्या चपलांपाशी थांबली.

“पाय वर घ्या जरा… अगंबाई! कासव सर?” आणि लगेच, “माफ करा हं सर, तोंडातून गेलं.”

“कोण?”

“ओळखलं नाहीत? मी भिंगरी. इथेच असते साफसफाईला, सहा वर्षं झाली. बघा, अजून फिरतेच आहे. आता फडकं घेऊन फिरते.”

ती हसली. सरांना तिचा चेहरा दिसला नाही. मधला डाग नेमका तिच्या तोंडावर होता. कडेला एक कान, केसांची बट, काठी धरलेला हात.

“बरी आहेस?”

“मस्त. पोरगी आहे एक, दुसरीत. सर, एक काम होतं, बरे सापडलात. तिच्या शाळेतून चिठ्ठी आली आहे. सकाळपासून कोणाला विचारू म्हणून खिशात घेऊन फिरते आहे. इथल्या पोरींना विचारायला लाज वाटते.” तिनं घडी उलगडून त्यांच्या हातात दिली.

सरांनी कागद जवळ नेला, लांब नेला. पांढरं, नुसतं पांढरं.

“थेंब घातलेत,” ते म्हणाले. “दिसत नाहीये मला.”

“घ्या! तुम्हाला दिसत नाही आणि मला येत नाही. चांगली जोडी जमली.” ती बाकाच्या टोकावर टेकली. “वाचनाचंच असेल काहीतरी. पोरगी फार अडखळते हो. एकेका शब्दाला ठेच लागल्यासारखी थांबते. माझं तसं नव्हतं. चौथीत कशी घडाघडा वाचायचे मी! तुम्हीच शाबास म्हणाला होतात, आठवतं?”

सरांनी चिठ्ठीची परत घडी घातली.

“मग कुठे गेलं कोण जाणे. पाचवीला गेले आणि सगळं पुसलंच डोक्यातून. नव्या बाई म्हणायच्या, पुस्तकात हिरवी टिकली आहे, येतं तुला, ढोंग करतेस. बाकावर उभं करायच्या. आई म्हणायची, शिकलेलं विसरलीस, अन्न विसरत नाहीस ते. सातवीत सोडली शाळा. काही काही डोकी असतात तशी, गळकी. पण एक आहे हं सर, ती गोष्ट काही गेली नाही.” आणि तिनं तिथल्या तिथे, फडक्याच्या काठीवर हनुवटी टेकवून, अगदी चौथीतल्या आवाजात म्हणून दाखवली. शिंप्याच्या दुकानात एक मांजर होती. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

सरांनी तोंड उघडलं. तेवढ्यात मुलगी औषधांची पिशवी घेऊन आली, “चला बाबा, रिक्षा थांबली आहे.”

“बघू,” सर कोणाला उद्देशून म्हणाले कोण जाणे. भिंगरीनं चिठ्ठी परत घेतली. सरांच्या मुलीनं पुढे होऊन ती वाचली: मुलांना रोज दहा मिनिटं घरी मोठ्यानं वाचायला लावा.

“लावते की रोज,” भिंगरी म्हणाली.

*

घरी सरांनी शब्दकोश काढला. पत्र भिंगाखाली धरलं, एकेक शब्द करत वाचलं, प्रत्येक शब्दाला ठेच लागत. दोन पानांना अख्खी सकाळ गेली. नऊ नावं त्यांना पाठ होती, ती न बघताच आली.

“कोणाला लिहिताय?” मुलीनं विचारलं. त्यांच्यासमोर जाड काळं पेन होतं आणि कागदावर तीनच ओळी मावत होत्या. “मी लिहून देते ना. नाहीतर फोन नंबर शोधू.”

“नको.”

“बाबा, बावीस वर्षांपूर्वीचा पत्ता. त्या बाई तिथे असतील कशावरून? मुळात असतील हेच कशावरून…” तिनं वाक्य सोडून दिलं.

“ते माझ्या हातात नाही,” सर म्हणाले. त्यांनाही तोच प्रश्न होता. शिवाय दुसरा: असल्या तरी, त्यांना आता याचा काय उपयोग? आपलं ओझं त्यांच्या दारात नेऊन टाकायचं एवढंच ना? तीन दिवस ते लिहीत होते. पहिल्या दिवशीचं फार सुंदर झालं होतं, म्हणून फाडलं.

आठ दिवसांनी नेत्रालयात परत जायचं होतं. पाकीट खिशात ठेवलं, चिकटवलं नव्हतं. मुलीला त्यांनी खाली थांबायला सांगितलं. भिंगरी जिन्याखाली डबा उघडून बसली होती.

“बस, बस. तुझं होऊ दे. मला तुला काहीतरी वाचून दाखवायचं आहे.”

“मला? आता काय तपासणी घेता की काय?”

सर शेजारच्या पायरीवर बसले. कागद काढले, पण डोळ्यांपुढे धरले नाहीत, मांडीवर ठेवले. लिहिताना ते पाठ झालं होतं.

“‘बाई, आपल्या पत्राला बावीस वर्षांनी उत्तर देतो आहे. आपण सांगितलेल्या नऊ टिकल्या मी बदलल्या नाहीत. आपलं म्हणणं खरं होतं आणि ते मला त्याच आठवड्यात कळलं होतं. मी भिंगरीला बोलावून दुसरं पुस्तक दिलं. तिनं ते वाचलं नाही, माझी गोष्ट म्हटली. तिला वाचता येत नव्हतं. तिला आम्ही शिकवलं नव्हतं. तरी मी शाबास म्हटलं आणि सही केली. ती परवा भेटली. तिला वाटतं, आपण शिकलो होतो आणि विसरलो. बाकीच्या आठांचं मला माहीत नाही. मी विचारलं नाही. आपण निश्चिंत व्हाल असं माझ्याकडे काही नाही, म्हणून इतकी वर्षं लिहिलं नाही.’”

वरच्या मजल्यावर कोणाचा तरी नंबर पुकारला गेला. भिंगरीनं डब्याचं झाकण लावलं. मग परत उघडलं आणि परत लावलं.

“म्हणजे मला कधी येतच नव्हतं?”

“नाही.”

“म्हणजे मी विसरले नाही.”

“नाही. तुझं डोकं गळकं नाही. गणितात तू पहिल्या पाचात होतीस.”

“आई गेली माझी,” ती म्हणाली. “तिला शेवटपर्यंत वाटत होतं, मी मुद्दाम केलं.” मग फार हळू: “तुम्हाला माहीत होतं तर शाबास कशाला म्हणालात, सर?”

याचं उत्तर पत्रात नव्हतं. सरांनी कॉलरमध्ये मान घातली नाही.

“शाळेचा नंबर जाईल म्हणून. आणि…” त्यांनी मांडीवरचे कागद सरळ केले, “तू ती गोष्ट फार छान म्हटलीस. मी लिहिलेली होती ना. मला ऐकत राहावंसं वाटलं.”

भिंगरीनं त्यांच्याकडे बघितलं की नाही, ते त्यांना दिसलं नाही. ‘असू दे सर’ असं ती म्हणाली नाही. म्हणेल असं त्यांना वाटलं होतं, आणि ती म्हणाली नाही हे बरोबर होतं.

“माझी पोरगी,” ती शेवटी म्हणाली, “अडखळते. रोज नवं पान देते मी तिला, बरोबर वाचते का चूक ते मला काय कळणार? ते अडखळणं वाईट का चांगलं?”

“चांगलं. अडखळते म्हणजे वाचते आहे.”

“नक्की? की तुमचं आपलं शाबास?”

“नक्की.”

ती उठली, डबा पिशवीत टाकला. “पेटी फाटकाबाहेर आहे. तुम्हाला सापडायची नाही. चला.”

सरांनी कागद घडी करून पाकिटात घातले, जिभेनं कड ओली केली, बोटानं दाबून चिकटवली. ती त्यांच्या कोपराला धरून चालत होती, फार जवळून नाही. रस्त्यावर ऊन इतकं होतं की सरांना सगळंच पांढरं दिसत होतं.

“पत्ता बरोबर आहे ना? मी काही बघू शकत नाही,” ती म्हणाली.

“बरोबर आहे. पण बाई तिथे असतील की नाही…”

“त्यात माझं नाव आहे ना?”

“आहे. खाली नऊही नावं लिहिली आहेत.”

पेटीचा पत्रा तापलेला होता. सरांचा हात एकदा वर गेला, एकदा बाजूला आपटला. भिंगरीनं त्यांचं मनगट धरलं, फटीपाशी नेलं आणि सोडलं. पुढचं त्यांचं त्यांना करायचं होतं. पाकीट त्यांनी क्षणभर धरून ठेवलं, मग ढकललं. आत कुठेतरी खाली, रिकाम्या पत्र्यावर, ते पडल्याचं दोघांनी ऐकलं.